सही घेतली, पण शिकवले कोणी?

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांच्या फाटकांवर हिरवे-पांढरे फलक लागतात. राष्ट्रीय सुरक्षा दिन! १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस पाळतात. शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, साहेबांच्या हस्ते बक्षिसे दिली जातात आणि चहा-वडा होऊन सप्ताह आटोपतो. २०२१ साल करोनाचे होते, पण शपथ तेव्हाही चुकली नसेल. त्या ४ मार्चनंतर सोळाव्या दिवशी, म्हणजे २० मार्चला, खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत घरडा केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि चार कामगार गेले. महिना उलटायच्या आत, १८ एप्रिलला, त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात आगीने आणखी तिघांचा बळी घेतला.

२० मार्च ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. कशेडी घाट ओलांडून पुढे गेले की महाड, आणि महाड म्हटले की १९२७ चे चवदार तळे. त्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्लू जेट हेल्थकेअर या औषध कंपनीत स्फोट आणि आग होऊन अकरा कामगार गेले. तारखा जुळल्या हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधण्याचे कारण नाही. मात्र या वसाहतींत ठेक्यावर कोण राबते, रिअॅक्टर धुवायला कोण जाते, ड्रम कोण उचलतो आणि सांडलेले कोण पुसतो, हे आपल्या वस्त्यांत घरोघर माहीत आहे. दहावी-बारावी झालेला आपला मुलगा ‘कंपनीत लागला’ की विहारात पेढे वाटले जातात. त्याला तिथे काय शिकवले, हे मात्र कोणी विचारत नाही.

आम्ही काही जणी परिचारिका आहोत. कोणी सरकारी दवाखान्यात, कोणी खासगीत वर्षे काढली आणि आता नोकरी सोडून खेड, चिपळूण, रत्नागिरी, लांज्याच्या वस्त्यांत आरोग्याचे काम करतो. शिबिरात रक्तदाब, साखर तपासतो. पण गेली काही वर्षे प्रत्येकाला एक प्रश्न जादा विचारतो: कामावर लागताना तुम्हाला काय शिकवले?

उत्तरे बहुतेक एकाच साच्यातली असतात. पहिल्या दिवशी एका खोलीत बसवले, टीव्हीवर फिल्म लावली. फिल्म हिंदीत, मधूनमधून इंग्रजी. अर्धा तास. नंतर एका रजिस्टरवर नाव लिहून सही घेतली, हेल्मेट दिले, गेटपास दिला आणि मुकादमाने थेट कामाच्या जागी नेले. फिल्ममध्ये आग विझवण्याचे नळकांडे कसे वापरायचे ते होते. या मुलाला ज्या ड्रमवर काम करायचे होते त्या ड्रममध्ये काय आहे, ते अंगावर उडाले तर पहिल्या मिनिटात काय करायचे, पाण्याचा शॉवर कुठल्या भिंतीशी आहे, हे नव्हते. एकाने तर सांगितले, “मॅडम, ड्रमवर कवटीचं चित्र होतं, म्हणून आम्ही आपापसात त्याला ‘कवटीवाला’ म्हणायचो. नाव कुणालाच माहीत नव्हतं.”

त्या रजिस्टरवरची सही मात्र पक्की असते. अपघात झाला की तीच पुढे येते: ‘कामगाराला प्रशिक्षण दिले होते, त्यानेच हलगर्जी केली.’ म्हणजे प्रशिक्षण कामगाराच्या जिवासाठी दिले जात नाही, मालकाच्या बचावासाठी घेतले जाते. हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकते.

सगळेच कारखाने असे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. काही मोठ्या कंपन्यांत रोज सकाळी काम सुरू होण्याआधी पाच-दहा मिनिटांची ‘टूलबॉक्स टॉक’ खरोखर होते, मॉक ड्रिल होते, वर्क परमिटवर सही झाल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडत नाही. पण ही शिस्त कायम कामगारांपर्यंत असते. ठेकेदाराचा माणूस त्या चहाच्या वर्तुळाबाहेर उभा राहतो. आज या कंपनीत, पुढच्या महिन्यात शेजारच्या. प्रत्येक ठिकाणचे रसायन वेगळे आणि याची ओळख प्रत्येक ठिकाणी ‘नवीन’ अशीच. सगळ्यात धोक्याचे काम सगळ्यात कमी माहिती असलेल्याकडे, अशी ही व्यवस्था आहे. ती आपल्याला नवी नाही, आपल्या पूर्वजांनी ती दुसऱ्या नावाने भोगली आहे.

आता एका जागेबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण तिथे माणसे एकामागून एक जातात. बंद जागा. संडासाची टाकी, गटाराचे मॅनहोल, कारखान्यातला रिअॅक्टर किंवा सांडपाण्याची टाकी, उन्हाळ्यात गाळ काढायला उतरायची विहीर, मच्छीमारी बोटीच्या पोटातला मासळीचा कप्पा. वरून पाहिले तर या सगळ्या वेगवेगळ्या जागा, पण आतली हवा सारखीच दगा देते.

सडणाऱ्या मैल्यातून, सडणाऱ्या मासळीतून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायूचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते; माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तेच नेमके मरणाचे क्षण असतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. विहिरीत डिझेलचा पंप उतरवून पाणी उपसत असतील, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीतच कोंडतो, आणि त्याला तर वासही नाही. आपल्याकडे विहिरीत आधी कंदील सोडून बघण्याची जुनी रीत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी, हे खरे. पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, हे खोटे. विषारी वायू असतानाही तो जळत राहतो, आणि मैल्याच्या टाकीत मिथेन असेल तर त्याच कंदिलाने भडका उडतो.

मग एक जण आत पडतो. वरचा दुसरा, बहुधा भाऊ नाहीतर मेव्हणा, हाक मारतो, उत्तर येत नाही, आणि तो उडी घेतो. त्याच्यामागे तिसरा. वर्तमानपत्रात ‘एकाला वाचवताना तिघांचा मृत्यू’ अशी बातमी आपण किती वेळा वाचली! अमेरिकेतील नायोश या सरकारी संस्थेने १९८६ सालीच सांगून ठेवले आहे की, अशा बंद जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण हे दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात. माणुसकीच जीव घेते असे म्हणायची वेळ येते. म्हणून हे एवढे तरी घरातल्या पोराबाळांना सांगा: आत माणूस निपचित दिसला तर उतरायचे नाही. आरडाओरडा करून माणसे गोळा करायची, १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करायचा, जमेल तेवढी मोकळी हवा आत सोडायची. उतरणाऱ्याच्या अंगाला आधीच पट्टा आणि दोर बांधलेला असेल, तर वरूनच खेचून काढता येते. म्हणजे सगळे काम उतरण्याच्या आधीचे आहे: वायू मोजायचे यंत्र, हवा फिरवायचा पंखा, अंगाला दोर आणि वर एक माणूस, ज्याला दुसरे कुठलेही काम दिलेले नाही. नाकाला बांधलेला रुमाल किंवा करोनातला मास्क इथे काडीच्या उपयोगाचा नाही. तो धूळ अडवतो, वायू अडवत नाही.

मैल्याच्या टाकीत तर माणसाने उतरूच नये. हाताने मैला साफ करायला लावण्यावर आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटार-टाकीतील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. एवढे असूनही पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी आपल्या वस्तीत येतो आणि म्हणतो, “दोन हजार देतो, तासाभराचं काम आहे.” त्याला दुसरी वस्ती का आठवत नाही, हे आम्ही सांगायला नको. बाटली आणि दोन हजार यांच्या बदल्यात कोणी तयार होत असेल, तर त्याला हात धरून परत आणणे हे वस्तीचे काम आहे. ज्याने बोलावले त्याची तक्रार करणे हेही.

आता बायकांच्या कामाकडे वळू, कारण सुरक्षा म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेला पुरुषच येतो. काजूच्या कारखान्यात टरफल फोडणाऱ्या बायांचे हात बघा. टरफलातले तेल इतके जहाल असते की कातडी भाजून निघते, फोड येतात, मग काळे डाग, भेगा. अशा हातांनी संध्याकाळी भाकरी थापायची. हातमोजे देतात का, असे विचारले तर बऱ्याच ठिकाणी देतात. मग घालत का नाही? तर मजुरी किलोवर. मोजा घातला की बोटे मंदावतात, दिवसाला किलो कमी भरतात, पैसे कमी मिळतात. मालक म्हणतो, “बायका ऐकत नाहीत.” अहो, ऐकतील कशा? मोजा तुम्ही फुकट दिला, पण त्याचा दंड तिच्या मजुरीतून वसूल केला. दर बांधताना मोजा घातलेल्या हाताचा वेग धरून दर बांधा, मग बघा बायका ऐकतात की नाही. तोवर निदान खोबरेल किंवा एरंडेल तेल कामाआधी हाताला चोळावे आणि ते कारखान्याने पुरवावे, आपल्या डब्यातले नेऊ नये.

मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात दिवसभर ओल्या फरशीवर, बर्फात हात घालून उभे राहायचे. नखांच्या कडा कुजतात, कंबर धरते, थंडीने बोटे पांढरी पडतात, कोळंबीचे काटे टोचून हात सुजतात. शिवाय बर्फ आणि शीतगृह म्हटले की तिथे बहुधा अमोनिया आलाच. गळती झाली की डोळे-घसा जाळतो. ओला रुमाल तोंडावर धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडायचे, ज्या दिशेला वारा वाहतो त्या दिशेने पळायचे नाही. आणि बाहेर पडायचे दार कोणते, ते कुलूपबंद असते का, हे आजच जाऊन बघायचे. जयगडजवळ नांदिवडे येथे डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीतल्या वायूचा त्रास होऊन पन्नासहून अधिक शाळकरी मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तेव्हा कामाच्या जागेचा धोका फाटकाच्या आतच राहतो, हा समज आता सोडायला हवा. गावालाही माहिती मागायचा हक्क आहे.

आमच्या स्वतःच्या व्यवसायाबद्दल लिहिले नाही तर ते बरोबर होणार नाही. रुग्णालयासारखी धोक्याची जागा थोडीच असेल, आणि तिथली उतरंडही तशीच आहे. डॉक्टर, मग आम्ही सिस्टर, मग वॉर्डबॉय, आया आणि सगळ्यात खाली कचरा उचलणाऱ्या ताई. सुई वापरतो डॉक्टर किंवा सिस्टर. ती टोचते कचरा उचलणाऱ्या ताईला, कारण कोणीतरी ती पिवळ्या पिशवीत कापसाबरोबर टाकलेली असते. आम्ही जिथे नोकरी केली त्यातल्या एका ठिकाणी ठेकेदाराच्या सफाई कामगारांना हिपॅटायटिस बीची लस द्या म्हणून दोन वर्षे अर्ज केले. ‘ते आमचे कर्मचारी नाहीत’ हे एकच उत्तर. नियम मात्र उघड आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ठेक्यावरचा का असेना, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची आहे, आणि कामावर घेताना व त्यानंतर वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण द्यायचे आहे. सुया-पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. एवढी सोपी गोष्ट.

लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. एचआयव्हीच्या बाबतीत हे प्रमाण हजारात ३ च्या आसपास आहे. म्हणजे भीती वाटते एचआयव्हीची, पण घात करते कावीळ, आणि तिच्यावर तीन डोसांची लस आहे! सुई टोचली तर रक्त पिळत बसू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट-ब्लीच ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. लाजेने, ‘ओरडतील’ म्हणून चार दिवस गप्प राहिलेल्या ताई आम्ही पाहिल्या आहेत. ओरडणाऱ्या सिस्टरांनीही हे वाचावे.

आंब्याच्या बागांकडे तर कोणी ‘कामाची जागा’ म्हणून बघतच नाही. मोहोर आला की तुडतुड्यांवर फवारणी सुरू होते. कापसाचे झाड कमरेएवढे. हापूसचे झाड डोक्यावर. फवारा वर मारायचा आणि तो थेंबाथेंबाने आपल्याच अंगावर उतरतो. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. आपल्याकडे बागेतला गडी चक्कर येऊन पडला की ‘ऊन लागलं’ म्हणून सरबत पाजून मोकळे होतात. बुबुळातली बाहुली टाचणीएवढी बारीक झाली आहे, तोंडाला लाळ सुटली आहे, घाम, उलटी, अंगातले स्नायू फडफडताहेत, असे दिसले तर ते ऊन नव्हे, ते औषध लागले आहे. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा, उलटी करवू नका, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठा. डब्यावरचे नाव वाचून डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. डब्यावर त्रिकोणी-चौकोनी रंगीत खूण असते: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळी, निळी, हिरवी. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकू नका. फवारणीचे कपडे घरी बायको हाताने धुते, तेही बाळंत्यांबरोबर. ते वेगळे धुवायचे, मोजे घालून.

झाडावरून पडणे हे तर दर हंगामाचे. जमिनीवरून काढता येईल तेवढा आंबा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने काढावा, शेंड्यावर चढायचे तर कमरेला दोर हवा. लांब काठी विजेच्या तारेखाली फिरवू नये. बागेत गवत काढताना फुरसे, चिऱ्याच्या ढिगात विंचू, लावणीच्या चिखलात लेप्टो. पायात गमबूट आणि हातात काठी हीच इथली सुरक्षा साधने. पायाला जखम असेल तर भातलावणीला उतरण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या गोळीविषयी विचारा. बागेतले नेपाळी राखणदार आपली भाषा जेमतेम समजतात, त्यांना हे कोणी सांगायचे? त्यांच्या झोपडीवरून जाताना आपणच सांगावे. ते आपल्याच पंक्तीतले.

एक गोष्ट दवाखान्यांबद्दल. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. तिथे ‘मजूर’ किंवा ‘घरकाम’ असे लिहून पुढे जायची पद्धत आहे. इटलीतले डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितले की रुग्णाला त्याचा धंदा काय हेही विचारा. तीनशे वर्षे झाली. चिरेखाणीत कापणीच्या यंत्राशेजारी धुळीत उभा राहणारा माणूस खोकल्यासाठी पुन्हा पुन्हा येतो, थुंकी तपासतात, टीबी निघत नाही, सिरप देऊन परत पाठवतात. रकान्यात ‘मजूर’! ‘चिरेखाण, सात वर्षे, मास्क नाही’ असे लिहिले असते तर पुढचा डॉक्टर थांबला असता. शिवाय हाच कागद पुढे भरपाईच्या दाव्यात पुरावा ठरतो. म्हणून दवाखान्यात गेलात की स्वतःहून सांगा: मी अमुक काम करतो, अमुक वर्षे करतो, आणि लिहून घ्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. ज्याच्याबद्दल कायदा करायचा त्याची जागा आधी पाहायची, ही त्यांची रीत. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांच्याच खात्याची. थकलेला हात यंत्रात जातो, तेव्हा तास कमी करणे ही सुरक्षेचीच गोष्ट होती. आज लोट्यात ठेक्यावरचा मुलगा बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या लागोपाठ करतो आणि आपण त्याला ‘कष्टाळू’ म्हणतो.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात नवी कलमे आली. धोक्याच्या प्रक्रियेची माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा आणि निरीक्षकाकडे थेट गाऱ्हाणे नेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तो हक्क किती जणांनी वापरला, हे विचारू नये अशी स्थिती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुन्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. त्यात नेमणूकपत्र आहे, ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आहे, आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि जिवावरचा धोका दिसला तर मालकाला व निरीक्षकाला एकाच वेळी कळवण्याचा हक्कही आहे. हे घेतलेच पाहिजे. पण ‘कारखाना’ म्हणण्यासाठी वीज वापरणाऱ्या जागी मूळ कायद्यात १० कामगार पुरत होते, आता २० लागतात. वीज नसेल तर २० ऐवजी ४०. सुरक्षा अधिकाऱ्यासाठी तर धोक्याच्या प्रक्रियेतही २५० कामगारांचा आकडा. आमच्या पंधरा बायांच्या काजूच्या शेडला यात जागा कुठली? आणि निरीक्षक आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाला आहे. सुविधा कोणाची, हे नावात लिहिलेले नाही.

आपल्यातले काही जण म्हणतात की दोष आपल्या पोरांचाही आहे. हेल्मेट उशाला घेतात, गॉगल खिशात ठेवतात, तंबाखू मळून त्याच हाताने रसायन हाताळतात. खरे आहे, तंबाखूचे तर शंभर टक्के खरे, हात न धुता मळलेल्या तंबाखूतून विष सरळ पोटात जाते. पण सुरक्षेच्या शास्त्रात हेल्मेट-मोजे सगळ्यात शेवटी येतात. आधी धोक्याची वस्तूच बदलता येते का बघायचे, मग यंत्राला जाळी-झाकण, मग हवा खेचायचा पंखा, मग कामाची पद्धत आणि तास, आणि तरीही जे उरेल त्यासाठी मोजे-मास्क. आपल्याकडे पहिल्या चार पायऱ्या गाळून थेट मोज्यावर येतात, कारण मोजा स्वस्त असतो आणि तो घातला नाही तर दोष कामगाराचा.

तेव्हा विहाराच्या रविवारच्या बैठकीत एक वही ठेवा. वस्तीतला कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या ठेकेदाराकडे, कशावर काम करतो, त्याला काय शिकवले, कोणत्या भाषेत, किती वेळ, पगारी वेळेत की सुट्टीच्या दिवशी, हे लिहा. मुलाला सांगा की न कळलेल्या प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर सही करताना नावाखाली ‘मराठीत सांगितले नाही’ एवढे तरी लिहावे. एकट्याने लिहिले तर गेटपास जातो, म्हणून दहा जणांनी एकाच दिवशी लिहावे. प्रत्येक रसायनाचे एमएसडीएस म्हणजे माहितीपत्रक कंपनीकडे असतेच. ते मराठीत मागा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करताना वस्तीच्या, मंडळाच्या नावाने करा, एका मुलाच्या नावाने नको. अपघात झालाच तर ठेकेदार हात वर करतो. अशा वेळी भरपाईसाठी मूळ मालकालाही जबाबदार धरता येते, हे १९२३ पासूनच्या भरपाई कायद्याचे तत्त्व आहे. कोऱ्या कागदावर, दवाखान्याच्या खाटेवर, अंगठा देऊ नका.

आणि अंगावर रसायन उडाले तर: कपडे लगेच उतरवायचे, लाज धरायची नाही, वाहते पाणी कमीत कमी वीस मिनिटे, घड्याळ लावून. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ. टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही, ‘आम्लावर सोडा’ नाही. गंभीर भाजलेल्या रुग्णाला लोट्याहून ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला न्यायचे म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पहिली वीस मिनिटे तिथले डॉक्टर देऊ शकत नाहीत, ती शेजारी काम करणाऱ्यालाच द्यावी लागतात. येत्या महिन्यापासून आम्ही हे विहारांत करून दाखवणार आहोत, बादली-तांब्या आणि दोर घेऊन. रात्रपाळीच्या मुलांसाठी वेळ दुपारी चारची ठेवू. ज्या वस्तीला हवे असेल त्यांनी मासिकाच्या कार्यालयात नाव कळवावे, आणि काजू-मासळीच्या कामावरच्या बायांची यादी आधी द्यावी.